महिला शेतकऱ्यांचा जोखीम-वर्ग: गावात कसा सुरू करावा आणि कसा टिकवावा

मराठवाड्यात किंवा विदर्भात पेरणीपासून सोंगणीपर्यंतच्या कोणत्याही कामाबद्दल शेतातल्या बाईला विचारले, तर ती तासाप्रमाणे आणि मजुरीप्रमाणे नेमके उत्तर देते. कर्ज किती आहे, कोणाचे आहे, सातबारा कोणाच्या नावावर आहे, यंदा विमा भरला का, असे विचारले की मात्र ‘ते मालकांना माहीत’ असे उत्तर येते. पावसाचा खंड, अळी आणि पडलेला भाव ही जोखीम सगळ्यांचीच असते. परंतु त्या संकटाशी झगडण्याची साधने, म्हणजे कागद, पत, माहिती आणि ओळखीपाळखी, घरातल्या एकाच माणसाकडे असतात, आणि तो माणूस कामासाठी परगावी गेला, आजारी पडला किंवा दगावला की ही साधनेही त्याच्याबरोबर जातात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाट खातेदारांमध्ये, म्हणजे शेती कसणारे म्हणून मोजलेल्यांमध्ये, महिलांचा वाटा १३.८७ टक्के इतकाच होता. शेतात राबणाऱ्या हातांशी या आकड्याचा काहीही मेळ बसत नाही.

ज्यांना आपल्या गावात दहा-पंधरा जणींना एकत्र बसवून ही साधने त्यांच्या हाती द्यायची आहेत, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. तुम्ही कृषी सखी, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना मार्गदर्शन करणारी प्रशिक्षित महिला, असाल, बचत गटाच्या अध्यक्ष असाल किंवा स्वतः शेती करणारी एखादी जिद्दी सून असाल, तरी हे काम करता येते. त्यासाठी पदवी लागत नाही, पण वर्षभराची चिकाटी लागते.

वर्ग कसा जमवावा

गावात बचत गट असेल तर तेथूनच सुरुवात करावी, कारण नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या पंचसूत्रीची सवय तेथे आधीच लागलेली असते. मात्र शेतीचा वर्ग बचतीच्या बैठकीला जोडू नये. हप्ते गोळा करण्यात आणि नोंदी लिहिण्यात तास निघून जातो, आणि मग शेतीचा विषय ‘पुढच्या वेळी’वर ढकलला जातो. पंधरा दिवसांतून एकदा, दीड तासाची वेगळी बैठक ठेवावी. वेळ बायकांनीच ठरवावी. निंदणीच्या दिवसांत ती रात्रीच्या जेवणानंतरची असेल, उन्हाळ्यात दुपारची. लहान मुले बरोबर येणार हे गृहीत धरून दोन मुलींना त्यांच्याकडे पाहायला सांगावे.

कोणाला बोलवायचे हे ठरवताना थोडा विचार करावा. एकाच भावकीतल्या सगळ्या जणी आल्या तर घरातल्या कर्जाबद्दल कोणी तोंड उघडत नाही. ज्यांचे पती ऊसतोडीला किंवा शहरात गेले आहेत त्या, विधवा, माहेरी परतलेल्या, आणि दुसऱ्याची जमीन बटाईने किंवा ठोक्याने करणाऱ्या स्त्रिया यांना आवर्जून बोलवावे, कारण जोखीम सर्वांत जास्त त्यांच्या वाट्याला येते आणि निरोप सर्वांत शेवटी त्यांच्यापर्यंत पोहोचतो. वर्गाची सुरुवात हळदीकुंकवाच्या निमित्ताने करण्याचा मोह टाळावा. ज्या कार्यक्रमात विधवेला दाराशी थांबावे लागते, तेथे सुरू झालेल्या गटात ती पुढे मोकळेपणाने बोलेल अशी अपेक्षा करता येत नाही.

पहिल्याच दिवशी एक नियम सर्वांच्या संमतीने करावा: येथे सांगितलेला कर्जाचा, भांडणाचा किंवा दुखण्याचा शब्द बाहेर जाणार नाही. हा नियम एकदा जरी मोडला, तरी वर्ग मोडतो.

पहिले तीन पाठ कागदाचे

अनेक प्रशिक्षणांची सुरुवात बियाणे आणि खतांपासून होते. मला हा क्रम चुकीचा वाटतो. बाईचे नाव कागदावर नसेल तर तिला पीककर्ज मिळत नाही, ॲग्रीस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला शेतकरी ओळख क्रमांक मिळत नाही, आणि त्या क्रमांकावाचून आता कृषी विभागाच्या योजनांचे दारही उघडत नाही. म्हणून पहिल्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणि आठ-अ घेऊन यावे. महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा विनामूल्य पाहता येतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा अल्प शुल्क भरून काढता येतो. तो मोठ्याने वाचावा: खातेदाराचे नाव कोणाचे आहे, क्षेत्र किती आहे, इतर हक्कांत कोणत्या बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे, शेवटचा फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाच्या नोंदीचा, क्रमांक कोणता आहे. मयत सासऱ्याचे नाव अजून तसेच आहे, हे कित्येकींना या बैठकीतच कळते.

खातेदार मयत असेल तर वारस नोंद करून घेणे हे वर्गाचे पहिले प्रत्यक्ष काम समजावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ही माहिती तलाठ्याला द्यावयाची असते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण घोळ वाढत जातो. तलाठ्याचे पद आता ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखले जाते. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, आधार आणि उतारे जोडून अर्ज करावा. तो ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीतूनही करता येतो. त्यानंतर हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परत येऊ नये, आणि एकटीने जाऊ नये. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेचा उद्देश मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावणे हाच होता. त्या मोहिमेत आपल्या गावातील कोणती नावे सुटली, याची यादी वर्गात करता येईल.

कायदा समजावून सांगताना मोजकेच सांगावे, पण ते पक्के असावे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पतीच्या पश्चात पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई या सर्वांना समान हिस्सा मिळतो. विधवेला ‘मुलाच्या नावावर झाले म्हणजे तुमचेच झाले’ असे सांगितले जाते. ते खरे नाही, तिचे स्वतःचे नाव लागलेच पाहिजे. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना मात्र याने धक्का लागत नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे कायदे लागू होतात, हेही सांगावे, आणि अशा जणींसाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. तेथे महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते.

भावाने राखीच्या किंवा दिवाळीच्या सुमारास पुढे केलेल्या हक्कसोडपत्राचा, म्हणजे बहिणीने माहेरच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या दस्ताचा, विषय नाजूक असतो. सही करू नका, असे वर्गाने कोणालाही सांगू नये. माहेर तुटण्याची भीती खरी असते आणि तिचा निर्णय तिनेच घ्यायचा असतो. मात्र सही करण्यापूर्वी त्या जमिनीचे क्षेत्र, तिची अंदाजे किंमत आणि नोंदणी झालेले हक्कसोडपत्र सहजासहजी रद्द होत नाही ही वस्तुस्थिती तिला माहीत असली पाहिजे.

पती हयात असताना पत्नीचे नाव लावण्याची मागणी महाराष्ट्राला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला प्रचंड संख्येने बायका जमल्या होत्या, आणि त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांनी दिलेल्या लक्ष्मी मुक्तीच्या हाकेला प्रतिसाद देऊन अनेक गावांतील पुरुषांनी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे केला. हा इतिहास वर्गात सांगावा आणि घरातील पुरुषांनाही ऐकवावा. ‘बायका कायदा शिकून घर फोडणार’ ही कुजबुज उठते, तेव्हा शेतकऱ्यांच्याच चळवळीतले हे उदाहरण कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हिशोबाची वही

चौथ्या बैठकीपासून प्रत्येकीने शंभर पानी वही ठेवावी. लिहिता न येणाऱ्या जणींची वही शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावी, पण आकडे बाईने सांगावेत. वहीच्या एका बाजूला पिकाचा खर्च आणि दुसऱ्या बाजूला देणी लिहावीत. देण्यांमध्ये सोसायटी, बँक, मायक्रोफायनान्सचा हप्ता, कृषी केंद्राची उधारी, हातउसने आणि सावकार हे सगळे वेगवेगळे लिहावेत. एकत्र बेरीज केली की कोणते कर्ज आधी फेडायचे हे दिसत नाही. वेळेवर फेडलेल्या तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाचा व्याजाचा बोजा केंद्र आणि राज्याच्या सवलतींमुळे जवळजवळ नाहीसा होतो, तर कृषी केंद्राच्या उधारीचे व्याज बियाण्याच्या आणि औषधाच्या वाढीव किमतीत लपलेले असते. १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतचे शेतीकर्ज तारणाशिवाय देण्याची मर्यादा रिझर्व्ह बँकेने ठरवली आहे, हेही लिहून ठेवावे.

खर्चात स्वतःची मजुरी धरण्याबद्दल आग्रही राहावे. समजा, एका एकर सोयाबीनला मशागत, बियाणे, खत, फवारणी, सोंगणी आणि मळणी मिळून १८,४०० रुपये रोख गेले आणि घरच्या बाईने बारा दिवस काम केले. तिची मजुरी दिवसाला ३०० रुपये धरली तर ३,६०० रुपये होतात, आणि एकूण खर्च २२,००० रुपये. साडेपाच क्विंटल उतार आला तर एका क्विंटलमागे खर्च ४,००० रुपये पडला. पावसाने दगा दिला आणि चारच क्विंटल झाले तर तोच खर्च ५,५०० रुपयांवर गेला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, म्हणजे चार क्विंटलवर हमीभाव मिळूनही तोटाच. पेरणीपूर्वी चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही वर्षांचा हा हिशोब प्रत्येकीने आपल्या आकड्यांनी करावा. ‘शेती परवडत नाही’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असते. ती कोणत्या उतारावर परवडत नाही, हे कळले की खर्च कोठे रोखायचा यावर बोलता येते.

पेरणीचा निर्णय

मे महिन्यातील बैठकीत घरच्या सोयाबीनची उगवण तपासावी. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने ठेवून गुंडाळावेत, गोणपाट ओलसर ठेवावे आणि आठवड्याने मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर ते बियाणे पेरता येते, आणि बाजारातील पिशवीचा खर्च वाचतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरू नये, ही कृषी विद्यापीठांची शिफारस सर्वांना ठाऊक असते, तरी शेजाऱ्याची तिफण दिसली की घरात घाई सुरू होते. अशा वेळी एकटीचा शब्द चालत नाही, पण गटातील आठ घरांनी थांबायचे ठरवले असेल तर थांबणे सोपे जाते. दुबार पेरणी टळली तर वर्गाचा वर्षभराचा खटाटोप तेवढ्यानेच भरून निघतो.

सगळे क्षेत्र एकाच नगदी पिकाखाली घालू नये, हे सांगण्यासाठी मराठवाड्याचेच उदाहरण आहे. १९९३ च्या लातूर भूकंपानंतर या भागात काम उभे करणाऱ्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने एक एकराचे प्रारूप रुजवले: कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर बाईच्या निर्णयाखाली द्यायचा आणि त्यात डाळी, भाजीपाला, ज्वारी-बाजरी अशी घरात खाता येणारी, कमी पाण्याची पिके मिसळून घ्यायची. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. सगळी जमीन मागितली तर घरात वाद होतो, एक एकर मागितला तर बहुधा मिळतो, आणि त्या एकरात बियाणे, खर्च, विक्री यांचे सगळे निर्णय तिला स्वतः घ्यावे लागत असल्याने वर्गात ऐकलेले तेथे कसाला लागते.

फवारणीबद्दल एक बैठक पूर्ण द्यावी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. बाई पंप पाठीवर घेत नसली तरी पाणी आणणे, द्रावण ढवळणे आणि फवारणीचे कपडे धुणे ही कामे तीच करते. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नयेत, द्रावण हाताने ढवळू नये, फवारणीचे कपडे वेगळे धुवावेत, आणि गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने या कामापासून दूर राहावे. विषबाधा झाल्यास औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात बरोबर न्यावे.

विमा आणि विक्री

पीक विम्याचे नियम महाराष्ट्रात अलीकडे वारंवार बदलले आहेत. २०२३ च्या खरिपात सुरू झालेली एक रुपयाची योजना २०२५ च्या खरिपापासून बंद झाली, शेतकऱ्याला पुन्हा हप्त्यातील वाटा भरावा लागू लागला, आणि त्या हंगामात भरपाई पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून केलेल्या मोजणीतून, निघालेल्या उत्पादनावर आधारण्यात आली. त्यामुळे मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबून न राहता, प्रत्येक हंगामाच्या आरंभी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) बैठकीला बोलावून तीनच प्रश्न विचारावेत: हप्ता किती, शेवटची तारीख कोणती, आणि नुकसान झाल्यास कळवायचे असते का, असल्यास किती तासांत. विम्याची तक्रार १४४४७ या क्रमांकावर करता येते. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून आपल्या पिकाची सातबाऱ्यावर नोंद, वेळेत करावी. सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नसेल तर विमा, अनुदान आणि हमीभावाची खरेदी या तिन्ही ठिकाणी अडते. गटातील दोघींनी हे ॲप शिकून घेतले तर सगळ्यांचे काम होते.

विक्रीच्या दिवशी किमान एकदा तरी प्रत्येकीने मालाबरोबर बाजार समितीत जावे, काट्याजवळ उभे राहावे आणि आडत्याकडून मिळालेली हिशोबाची पट्टी घरी आणून वर्गात वाचून दाखवावी. काढणीच्या वेळी भाव पडलेला असतो. गरज अगदी तातडीची नसेल तर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी घेता येते.

सावड: संकटाच्या दिवशीचे जाळे

एकमेकींच्या शेतात पाळीपाळीने राबण्याची सावड आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. वर्गाने तीच सावड कागदाच्या आणि आधाराच्या कामात आणावी. प्रत्येकीची जोडीदारीण ठरवावी. तहसीलला, बँकेत किंवा दवाखान्यात जाताना ती बरोबर जाईल, आणि त्या दिवसाची निंदणी बाकीच्या वाटून घेतील. गारपीट झाली किंवा नाला फुटला तर कोण कोणाला फोन करील, पंचनाम्यासाठी फोटो कोण काढील, याची साखळी आधीच लिहून ठेवावी. ग्रामसंघ, महिला आर्थिक विकास महामंडळाचे (माविम) लोकसंचलित साधन केंद्र, कृषी विज्ञान केंद्र आणि महिला किसान अधिकार मंच अर्थात मकाम यांच्याशी वर्गाची ओळख असावी, कारण गावातल्या गावात न सुटणारा प्रश्न कोणाकडे न्यायचा हे संकटाच्या दिवशी शोधता येत नाही.

या जाळ्याची खरी कसोटी एखादीचा पती गेल्यावर लागते. मकामने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील ११ जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ४० टक्के जणींना शेतजमिनीवरचा हक्क मिळालेला नव्हता. म्हणून गटाने अशा घरी पहिल्या महिन्यात करावयाची कामे आपसांत वाटून घ्यावीत. एकीने तिच्याजवळ राहावे आणि कोणत्याही कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर तिची सही वा अंगठा होऊ देऊ नये. दुसरीने पतीचे पासबुक पाहावे. त्यात वर्षाला ४३६ किंवा २० रुपये कापलेले असतील तर ते अनुक्रमे प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे असतात, आणि पहिल्यात कोणत्याही मृत्यूला, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख रुपये मिळतात. मृत्यू अपघाताने, म्हणजे वीज पडून, सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा रस्त्यावर झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाखांचे साहाय्य आहे, पण अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जायला हवा. कुटुंबातील खातेदार नसलेली एक व्यक्तीही या योजनेत येते, म्हणून शेतात बाई दगावली तरी हा अर्ज करायचा असतो. तिसरीने संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज आणि वारस नोंदीची कागदपत्रे तयार ठेवावीत.

याच दिवसांत मृताकडून येणे असल्याचे सांगत काही माणसे दारात येतात. मृताचे कर्ज वारसाला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच वसूल करता येते. ती स्वतः जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. खासगी सावकार आला तर त्याचा परवाना मागावा आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे खात्री करावी, कारण २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. दोन-तीन बायका ओसरीत बसलेल्या असल्या की असे बोलणे चढ्या आवाजात होत नाही.

दुःखाबद्दलही बोलावे लागते. जी झोपत नाही, जेवत नाही, ‘आता कशाला जगायचे’ असे म्हणते, तिला एकटे ठेवू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत आणि विनामूल्य बोलता येते, तर घरात मारहाण होत असेल तर १८१ वर मदत मिळते. हे दोन्ही क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावेत. घरात वारंवार कर्जाची चिंता करणारा, गप्प झालेला पुरुष असेल तर त्याच्यासाठीही १४४१६ हाच क्रमांक आहे, आणि हे वर्गात मोकळेपणाने सांगावे.

दिवाळीनंतर खरिपाचा माल विकून झाला की सगळ्या वह्या एकत्र उघडाव्यात. मे महिन्यात मांडलेला खर्च आणि उतार प्रत्यक्षात किती आला, कोणाची वारस नोंद झाली आणि कोणाची अडली, कोणाची उधारी कमी झाली, हे एकेक करून वाचावे. ज्यांचे काम अडले आहे त्यांच्याबरोबर कोण जाणार आणि कोणत्या वारी जाणार, हे त्याच बैठकीत ठरवून वहीत लिहावे, आणि पुढच्या वर्गाची तारीख धरावी.